काच नसलेली काच

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मासळी वाहणारा एक जुना टेम्पो उभा आहे. इंजिन ठणठणीत आहे. तक्रार एवढीच, की रात्री रस्ता दिसत नाही. मालकाने दोनदा बल्ब बदलले, वायरिंग तपासून घेतले, तरीही हातखंब्याच्या पुढे महामार्गावर अंधार जसाच्या तसा राहिला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. त्यांनी बोट पाण्यात बुडवून हेडलाइटवरून फिरवले. बोट फिरले तेवढी पट्टी क्षणभर पारदर्शक झाली आणि पाणी सुकताच पुन्हा दुधी दिसू लागली.

निदान एवढ्यात झाले. पृष्ठभागावरचे बारीक खड्डे आणि चरे पाण्याने भरले की प्रकाश सरळ जातो, म्हणजे धूसरपणा बाहेरच्या बाजूला आहे. आत ओल शिरून वाफ धरली असती, तर पाण्याच्या बोटाने काहीच फरक पडला नसता आणि सील तपासावे लागले असते.

आपण जिला सवयीने काच म्हणतो, ती मुळात काच नाही. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आजचे दिवे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात, जे जर्मनीत बायर कंपनीतील हर्मन श्नेल यांनी 1953 मध्ये तयार केले. ते हलके आहे, आघात सोसते आणि हव्या त्या आकारात ओतता येते. मात्र उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर दिला जातो. तो थर झिजू लागला की खालचे प्लास्टिक पिवळे पडते. आभाळाकडे तोंड असलेला वरचा भाग आधी खराब होतो. या टेम्पोचा उजवा दिवा डाव्यापेक्षा जास्त पिवळा आहे, कारण टेम्पो रोज समुद्राकडे तोंड करून उभा असतो आणि डाव्या दिव्यावर दुपारनंतर भिंतीची सावली येते. शिवाय जांभ्याची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय आहेच. ते पुसणे म्हणजे रोज थोडे थोडे घासणेच.

दिवा धुऊन झाल्यावर सभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावली जाते. मग आठशे नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, भरपूर पाण्यात, एकाच दिशेने फिरतो. सुरुवातीला ओघळणारे पाणी पिवळट असते. ते पांढरे येऊ लागले, की जुना थर निघाला असे समजायचे. या क्षणी दिवा पूर्वीपेक्षाही वाईट दिसतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. त्यानंतर आणखी बारीक, पंधराशे, दोन हजार आणि तीन हजार नंबरचे पेपर, दर वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीचे चरे पुरते गेले की नाही ते कळते. शेवटी कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, लावून बफिंग, म्हणजे मशीनने पॉलिश. तेही दमाने, कारण एकाच जागी मशीन दाबून धरल्यास प्लास्टिक तापून खराब होते.

मालकाने घरी टूथपेस्ट लावून पाहिली होती. टूथपेस्ट बारीक घासते, त्यामुळे दिवा उजळतो हे खोटे नाही. पण ती संरक्षण देत नाही, आणि उघडे पडलेले प्लास्टिक थोड्याच काळात पुन्हा पिवळे होते. थिनर किंवा पेट्रोल मात्र लावूच नये, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

खरे काम बफिंगनंतरच्या थराचे आहे. अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर, फवारण्यापूर्वी दिव्यावर तेलाचा वा बोटाचा डाग उरता कामा नये. कोकणात आणखी एक अडचण असते: हवेतील दमटपणा. फार ओलसर हवेत फवारलेला लॅकर पांढुरका पडतो, म्हणून मिस्त्री भर पावसात हे काम घेत नाहीत. घेतलेच, तर शटर ओढून, दिवा आधी कोरड्या गरम हवेने सुकवून.

थर सुकल्यावर मिस्त्रींनी पुन्हा ओले बोट फिरवले. ओली आणि कोरडी जागा आता सारखीच दिसली. गाडी उद्यापर्यंत धुऊ नये, असे त्यांनी बजावले. मालकाने होकार दिला, पण पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव असल्याने टेम्पो तिथे न्यावाच लागणार होता.