एका सेंटचा टॅक्स

नमस्कार मंडळी! तुमचं कुणी कॅनडात असेल तर त्यांना दहा डॉलरची नोट नीट बघायला सांगा, जांभळी, उभी छापलेली, त्यावर एका बाईंचा फोटो आहे. त्या व्हायोला डेसमंड. ब्युटी पार्लरवाल्या.

जन्म हॅलिफॅक्सचा, १९१४ चा. तिथं ब्युटी स्कूलमध्ये काळ्या मुलींना घेतच नव्हते, मग बाई मॉन्ट्रियलला आणि पुढे अमेरिकेत जाऊन शिकून आल्या, गॉटिंजन स्ट्रीटवर स्वतःचं पार्लर टाकलं, नंतर शिकवायचं स्कूलही काढलं, म्हणजे मागून येणाऱ्या पोरींची वणवण नको. फेस पावडर वगैरे माल स्वतःचाच विकायच्या.

८ नोव्हेंबर १९४६. धंद्याच्या कामाने सिडनीला (ऑस्ट्रेलियातलं नाही हां, कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातलं) गाडी घेऊन निघाल्या आणि वाटेत न्यू ग्लासगोला गाडी बंद. दुरुस्ती उद्या. मग वेळ काढायला रोझलँड थिएटरात पिक्चर. लांबचं नीट दिसायचं नाही म्हणून खालचं तिकीट मागितलं, हातात पडलं बाल्कनीचं. आपल्याकडे बाल्कनी म्हणजे महागाची जागा, तिथं उलटं, काळ्यांनी वर बसायचं. जास्तीचे पैसे देते, बदलून द्या म्हटलं तर खिडकीतून उत्तर, तुम्हा लोकांना खालचं मिळत नाही. बाई सरळ खाली जाऊन बसल्या.

मॅनेजर आणि पोलिसाने ओढत बाहेर काढलं, कमरेला लागलं, पर्स पडली, पायातला बूट निघाला. रात्र लॉकअपमध्ये. तिथं त्यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि सकाळपर्यंत ताठ बसून राहिल्या.

आणि केस कसली लावली असेल? टॅक्स बुडवल्याची! दोन तिकिटांच्या टॅक्समध्ये फरक एका सेंटचा, तोही त्या द्यायला तयार होत्याच की. पण काळ्या-गोऱ्यांना थिएटरात वेगळं बसवायचा कायदाच नव्हता, नुसती रीत, मग काहीतरी कलम लावायला हवं ना. २० डॉलर दंड, ६ डॉलर खर्च. सोबत वकीलही नव्हता.

कॅरी बेस्ट बाईंनी आपल्या क्लॅरियन पेपरात प्रकरण लावून धरलं, लोकांनी पैसे जमवले, पण वरच्या कोर्टात तांत्रिक मुद्द्यावर हरल्या. पुढे हॅलिफॅक्स सुटलं, १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये वारल्या.

२०१० ला नोव्हा स्कोशिया सरकारने शिक्षा चुकीची होती म्हणून माफीपत्र काढलं, सही करणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नर (आपल्याकडच्या राज्यपालांसारखं पद) मेयॅन फ्रान्सिस स्वतः काळ्या. नोट आली २०१८ ला. आणि दंड? तो परत मिळाला २०२१ ला, १००० डॉलरचा चेक, धाकट्या बहिणीच्या, वांडाबाईंच्या हातात. त्या तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या.