जुनी फोर बाय फोर घेताना गाडीच्या पोटाखाली बघा

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, घ्यायला माणसं जातात तेव्हा सगळ्यात आधी रंग बघतात, मग टायर, मग इंजिन चालू करून कान लावतात. आवाज गोड आला की सौदा ठरतो. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. साध्या गाडीपेक्षा तुम्ही जे जादा पैसे मोजता, ते ज्यासाठी मोजता ती वस्तू बॉनेटखाली नसते. ती गाडीच्या पोटाखाली असते. पुढची चाकं फिरवणारा एक्सल, त्याच्याकडे जाणारा शाफ्ट आणि मधोमध बसलेला ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी. हे तिन्ही खरोखर काम करतात का, एवढं कळायला अर्धा दिवस द्या. इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावी बांधून मिळतं. पण पुढच्या एक्सलचं काम जाणणारा मिस्त्री आणि त्याचे सुटे भाग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात दोन गाड्यांना जास्त मागणी आहे. एक मारुती जिप्सी. ती १९८५ साली आली, आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ पासून १,२९८ सीसीची जिप्सी किंग. दुसरी जुनी थार, २०१० ते २०२० या काळातली, अडीच लिटरच्या सीआरडीई डिझेल इंजिनाची. त्याशिवाय बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी यांच्या फोर बाय फोर गाड्या आहेत, शिवाय लष्कराच्या लिलावातून आलेल्याही आहेत. कुणाला डोंगरउतारावरच्या बागेत जायचं असतं, कुणाला पावसाळ्यात घाटवाटा धुंडाळायच्या असतात. हौस काहीही असो, तपासणी तीच.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर कशामुळे, ते विचारा. थंड इंजिन किती सेल्फवर उचलतं, पहिला धूर कुठल्या रंगाचा येतो, हे एकदाच बघायला मिळतं. सोबत टॉर्च, एक जुना स्क्रूड्रायव्हर, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि अंगाखाली घालायला एखादं पोतं न्या. चांगले कपडे घालून जाऊ नका, नाहीतर खाली शिरायचा कंटाळा येतो आणि नेमकं तेच राहून जातं.

खाली शिरल्यावर आधी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. समुद्राकाठी फिरलेल्या गाडीचा गंज वेगळाच असतो. अलिबाग, दापोली, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या गाड्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात घातल्या जातात, त्यांना नंतर गोड्या पाण्याने नीट धुतलं नाही तर मीठ चेसिसच्या पोकळीत बसतं आणि आतून खातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जा. घट्ट पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे चेसिसला धरतात ते हँगर, शॅकल, आणि बॉडी चेसिसवर टेकते त्या जागा जास्त वेळ घेऊन बघा. सगळ्या पोटाला नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल तर मला तरी ती शोभा वाटत नाही. मालकाच्या परवानगीने एक-दोन ठिकाणी खरवडून बघा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. आत पायाखालची मॅट उचला, तिथला पत्रा बोटाने दाबा. लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून आणि मडगार्डवरून फिरवा. जिथे पुट्टीचा जाड थर आहे तिथे ते धरत नाही.

आता पुराचं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. बुडालेल्या गाड्या पुसून, वास घालवून पुन्हा बाजारात येतात. शिवाय फोर बाय फोर गाडी मालकाने हौसेने ओढ्यात घातलेली असायची शक्यताही असतेच. याची एक साधी परीक्षा आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, अगदी रीळ संपेपर्यंत. वरचा हातभर पट्टा सगळेच धुतात. आतला, रिळाच्या मुळाशी गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली किंवा पट्टा कडक, खरखरीत लागला, तर पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं असं धरून चाला. मग सीटच्या रुळांत आणि डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारून बारीक गाळ आहे का बघा.

गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का, हेही बघावं लागतं. हसण्यावारी नेऊ नका. मागे स्टिकर लावून टू व्हील ड्राइव्ह गाड्या विकल्या जातात. आणि मूळची फोर बाय फोर असली तरी काही मालक आवाज येतो म्हणून, मायलेज मिळावं म्हणून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवतात. खाली झोपलेले आहात तेवढ्यात ट्रान्स्फर केसमधून पुढे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा. तो हाताने धरून दोन्ही बाजूंना पिळा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांत, ढिला खेळ असेल तर लगेच जाणवतो.

मग चाचणी. ही डांबरी रस्त्यावर करायची नाही. जिप्सी आणि जुन्या थारसारख्या गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतो. फोर बाय फोर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मातीवर चाक जरासं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर येतो. म्हणून मोकळं शेत, नदीची वाळू किंवा सैल मुरूम शोधा.

तिथे पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या हबला हाताने फिरवायचे लॉक असतील तर आधी ते दोन्ही लॉक करा. फोर बाय फोरच्या लिव्हरने फोर हाय, म्हणजे चारही चाकांची नेहमीच्या वेगाची जोडणी, टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालण्याच्या वेगाने गोल फिरवा. गाडी अडखळल्यासारखी, ओढून धरल्यासारखी वाटेल. घाबरू नका, तीच हवी असलेली खूण आहे, पुढचा एक्सल जोडला गेल्याची. गाडी लोण्यासारखी सहज फिरली, तर पुढे काहीतरी जोडलं गेलेलं नाही. मग गाडी थांबवून फोर लो, म्हणजे हळू चालीची पण जास्त जोराची जोडणी, टाका. मऊ चढावर पहिल्या गिअरमध्ये हळू चढवा, आणि सोबतच्या माणसाला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करून पुढची चाकं माती मागे फेकतात का ते बघायला सांगा. त्याच उतारावरून फोर लोमध्येच, ॲक्सिलरेटरला पाय न लावता खाली या. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडाला तर ट्रान्स्फर केस आतून झिजलेला आहे, आणि हे काम स्वस्तात होत नाही. शेवटी टू व्हीलवर आणा. आपोआप लॉक होणारे हब असतील तर गाडी थोडी मागे घेतल्यावर ते सुटतात. सुटले नाहीत तर पुढून घरघर येत राहते.

"साहेब, फोर बाय फोर कधी वापरलीच नाही," असं विकणारा अभिमानाने सांगतो. मला हे ऐकून धास्ती वाटते. वर्षानुवर्षं न हललेला लिव्हर जाम होतो, सील सुकतात, आणि ज्या दिवशी तुम्ही चिखलात अडकता त्या दिवशी ते सगळं समजतं.

चाचणी करून परत आलात की लगेच पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचं तेल बघा. पुढच्या आणि मागच्या हाऊसिंगला बाजूने लेव्हल प्लग असतो. मालकाच्या संमतीने तो खोला. तेल गरम असतं, जपून. करंगळी आत घालून बाहेर काढा. तेल सोनेरी-काळपट असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं आलं तर पाणी शिरलंय. चालवून आल्यावरच का बघायचं? कारण गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि वरचं तेल स्वच्छ दिसतं. चालल्यावर दोन्ही घुसळली जातात. हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, आणि त्याची नळीही बघा. तापलेलं हाऊसिंग ओढ्यात गार पडलं की आत हवा ओढतं. ब्रीदर चोंदलेला असेल तर ते सीलमधून पाणी ओढतं. प्लगला चिकटलेली बारीक धातूची पेस्ट चालते, टोकदार कपचे नाहीत.

पुढच्या बाजूला जिप्सीत किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे, बेअरिंग आणि नकलचं, म्हणजे तिथल्या वळणाऱ्या सांध्याचं, सील बघा. चाकाच्या आतल्या गोळ्यावर ग्रीस आणि तेल एकत्र ओघळलेलं असेल तर सील गेलं. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागलं तर विकणारा म्हणेल, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंगही असू शकतं, पण किंगपिनच्या खर्चाची तयारी ठेवा. थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे, असतात. ते आवळून गाडी पुढून उंच केलेली दिसते का बघा. उंची वाढली की सीव्ही जॉइंटचा, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, आत माती जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट-कट आवाज आला तर जॉइंट संपत आलाय.

टायर चारही एकाच मापाचे हवेत, आणि झीजही सारखी. मागे नवे आणि पुढे गुळगुळीत असतील तर फोर बाय फोरमध्ये ते सरळ रस्त्यावरही एकमेकांशी भांडतात. जुन्या थारचं कंपनीचं माप २३५/७० आर १६. त्याजागी ३१ इंची टायर असतील तर मीटर सुमारे सात टक्के कमी मोजतो. मीटरवर एक लाख असतील, आणि ते सगळे त्याच टायरांवर झाले असतील, तर गाडी एक लाख सात हजार चाललेली आहे.

इंजिनाबद्दल फार बोलत नाही, ते तुमचा नेहमीचा मिस्त्री सांगेल. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडल्यावर फस्स-फस्स हवा मारत असेल तर आत झीज आहे. रेडिएटर थंड असताना उघडून पाण्यावर तेलाचा तवंग बघा.

कागदांकडे मात्र दुर्लक्ष नको. चेसिसवर कोरलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर स्वतः वाचून आरसी बुकाशी ताडून बघा. जिप्सीत दुसरंच इंजिन, जीपला डिझेल इंजिन, अशी जोडकामं सर्रास होतात. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का बघा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला आता त्याहून जास्त आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तशी गाडी घेताना एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च किमतीत धरा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. जुने ई-चलान पैसे देण्याआधी मालकाकडून भरून घ्या. लष्करी लिलावातली गाडी असेल तर लिलावाचा मूळ कागद आणि आरटीओची नोंदणी दोन्ही हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

सगळं पटलं, गाडी घरी आणली, की सौद्यातून वाचवलेल्या पैशांतून पहिल्या आठवड्यात पाच ठिकाणचं तेल बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं हाऊसिंग, मागचं हाऊसिंग. सगळ्या क्रॉसना ग्रीस मारून घ्या, ब्रीदरच्या नळ्या नव्या टाका. आणि पुढे महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून थोडं अंतर चालवत जा, म्हणजे तेल वरपर्यंत पोहोचतं आणि सील ओली राहतात.

नमस्कार.