डबा दाखवा

(गिरगावातल्या ज्येष्ठ नागरिक संघापुढे एका डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. आज सकाळची गोळी ज्यांनी घेतली नाही, त्यांनी हात वर करा बघू. कुणीच नाही? दवाखान्यातही असंच होतं. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' असं विचारलं की 'हो डॉक्टर' हे उत्तर ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३चा अहवाल मात्र म्हणतो की दीर्घ आजारांत औषध सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच, आणि तेही श्रीमंत देशांत. म्हणजे या हॉलमध्ये कुणीतरी थापा मारतंय!

यावर मुलांचा उपाय म्हणजे फोनमधला गजर. गजर वाजतो, आपण तो बंद करतो आणि मालिका पुढे बघतो. आपण विसरलो असू, एवढंच गजराला ठाऊक. मुद्दाम टाळलेल्या गोळीपुढे त्याचा काय इलाज?

माझ्याकडे चाळीतल्या एक आजी यायच्या. हृदय कमजोर, पाय सुजलेले, म्हणून लघवी वाढवणारी, आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती चालू होती. दर खेपेला सूज तशीच. मी डोस वाढवत गेलो. मग टाळेबंदी लागली. २५ मार्च २०२० ला सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले आणि मीही व्हिडिओ कॉलवर रुग्ण बघू लागलो. आजींचा फोन नातवाने धरला होता. पहिली दोन मिनिटं मला नुसता छताचा पंखा दिसला. शेवटी म्हटलं, आजी, औषधांचा डबा दाखवा.

श्रीखंडाचा रिकामा डबा होता. बाकीच्या पट्ट्या संपत आलेल्या आणि पाण्याच्या गोळीची जवळजवळ भरलेली. 'आजी, ही?' त्यांनी नातवाला पाणी आणायला पिटाळलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, 'संडास गॅलरीच्या टोकाला. सकाळी ही रांग. गोळी घेतली की दर अर्ध्या तासाने पळायचं. कसं जमायचं हो?'

दवाखान्यात, बाहेर वीस पेशंट बसलेले असताना, त्या हे कधी बोलल्या नसत्या. मीही विचारलं नव्हतं. गोळी रांग ओसरल्यावर अकराला घ्यायची ठरली. वाढवलेला डोस मी मागे घेतला, कारण तो आजवर पोटात गेलाच नव्हता; आता एकदम गेला असता तर चक्कर येऊन पडल्या असत्या. सूज हळूहळू उतरली.

तेव्हापासून व्हिडिओवर मी आधी डबा बघतो, माणूस नंतर. काय काय सापडतं! टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी दोन वेगळ्या नावांनी, एक फॅमिली डॉक्टरांचं, एक हॉस्पिटलचं, आणि दोन्ही चालू. थायरॉईडच्या गोळीला लागूनच कॅल्शियमची, म्हणजे दोन्ही एकदमच घेतल्या जातात. त्यांच्यात निदान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही.

क्षयरोगाच्या औषधांसाठी आपल्याकडे '९९डॉट्स' नावाची एक युक्ती वापरली गेली आहे. गोळी फोडली की तिच्यामागे लपलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट फोन करायचा, की त्या दिवसाची नोंद झाली. कल्पना सुरेख आहे, साधा फोनही चालतो. पण नोंद होते ती गोळी फोडल्याची. ती गिळली की खिडकीतून गेली, हे नंबर कसं सांगणार?

व्हिडिओचीही मर्यादा आहेच. पायाची सूज बोटाने दाबून बघता येत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांचे हाल होतात. त्यांच्याशेजारी घरचं कुणीतरी बसवा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाही, तेव्हा माझ्याशी भांडू नका. सरकारची ई-संजीवनी, म्हणजे घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला देणारी सेवा, मोफत आहे. फक्त तिथे डॉक्टर दर वेळी वेगळे भेटू शकतात, म्हणून डबा हाताशी ठेवून बसा.

आणि एक, कात्रीचं. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग आधी वापरू नका. तो शेवटपर्यंत राहू द्या. परवा एक काका स्क्रीनवर कोरी चंदेरी चकती नाचवत विचारत होते, 'डॉक्टर, ही कशाची?' आता मला काय कपाळ कळणार!

चला, प्रश्न विचारा.