ढोलताशाच्या सरावाला कानात काय घालायचं?

नमस्कार मंडळी! गणपती जवळ आले की पुण्यात नदीपात्रात ढोलताशाचे सराव सुरू होतात आणि पथकातली नवीन पोरं मला हमखास विचारतात, दादा, माझ्याकडे नॉइज कॅन्सलिंगवाले बड्स आहेत, चांगले महागातले, तेच घालून वाजवलं तर चालेल ना? नाही चालणार, बाबांनो.

त्या बड्समधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि बड त्याच्या बरोब्बर उलटी लहर कानात सोडतो, म्हणून आवाज विरतो, पण हे जमतं ते विमानाचं इंजिन, एसी, बसची घरघर अशा एकसारख्या घुमणाऱ्या आवाजाला. ताशाची कडकड क्षणात येते, तिला ते पुरं पडत नाही. प्रवासाला बड्स मस्तच, मीही वापरतो.

मी स्वतः पहिली दोन वर्षं कापसाचे बोळे घालून ताशांच्या शेजारी उभा राहिलो, आणि रात्री सगळं घर शांत झालं तरी कानात बारीक शिट्टी चालूच. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबलमध्ये ८ तास ठीक, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! आणि आपला सराव दोन-दोन तास चालतो.

म्हणून साधे फोमचे इअरप्लग घ्या, स्वस्तात मिळतात, पण घालायचे नीट. हात धुवा, प्लग बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, तो आत फुगतो. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलात तर काही उपयोग नाही. ताशाचे इशारे दबल्यासारखे वाटले तर म्युझिशियन प्लग मिळतात, थोडे महाग, पण सगळे सूर सारखेच कमी करतात. कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आणि सरावाला उभे राहिलात की प्लग घातलेल्या कानांवर दोन्ही तळवे घट्ट दाबून बघा, आवाज एकदम खाली गेला तर प्लग बसलेला नाही, काढा आणि परत वळा.