शब्दांवाचून सांगितलेली प्रेमकथा

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या गल्लीत नळाला पाणी आले की तेलुगू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा एकदम ऐकू येतात, आणि त्यामुळे एखादी गोष्ट सर्वांनी मिळून बघायची म्हटली की ती कोणत्या भाषेतली असावी हे आधी ठरवावे लागते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने तिच्या मोबाईलवर एक खेळ लावला आणि ती, मी व शेजारच्या अक्का अशा तिघींनी तो एका बैठकीत पूर्ण केला, तेव्हा मात्र भाषेचा प्रश्न निघालाच नाही. त्या खेळाचे नाव ‘फ्लोरेन्स’. त्याची बलस्थाने आणि त्याच्या उणिवा, दोन्हींविषयी आज मला बोलायचे आहे.

पडद्यावर चित्रे आणि संवाद यांतून उलगडणाऱ्या कथांना व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. जपानमध्ये रुजलेल्या या प्रकारात पडद्यावर पात्रांची चित्रे दिसतात, खाली त्यांचे संवाद उमटतात, आणि काही ठिकाणी वाचकाने उत्तर निवडले की कथा त्याप्रमाणे वळते. एक लेखक, एक चित्रकार आणि एक संगीतकार एवढ्यांवरही असे काम उभे राहू शकते, म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचे छोटे, स्वतंत्र गट या प्रकाराकडे वळतात. ‘फ्लोरेन्स’ ही या प्रकाराच्या सीमेवरची कृती आहे, कारण तिच्यात वाचण्याजोगा मजकूर जवळजवळ नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील ‘माउंटन्स’ या छोट्या गटाने ती केन वाँग यांच्या नेतृत्वाखाली तयार केली, आणि १४ फेब्रुवारी २०१८ रोजी ती आयफोनवर आली. वीस छोट्या प्रकरणांची ही कथा अर्ध्या-पाऊण तासात संपते.

कथा अगदी साधी आहे. फ्लोरेन्स ही २५ वर्षांची, चिनी वंशाची ऑस्ट्रेलियन मुलगी. लहानपणी ती चित्रे काढत असे. आता ती आकड्यांची नोकरी करते, गाडीत बसून मोबाईल चाळते आणि आईच्या फोनला ठरावीक उत्तरे देते. एके दिवशी तिला रस्त्यावर सेलो, म्हणजे व्हायोलिनसारखे पण आकाराने मोठे तंतुवाद्य, वाजवणारा क्रिश हेमराजानी भेटतो. तो भारतीय वंशाचा आहे. पुढे प्रेम, एकत्र संसार, भांडणे आणि ताटातूट. एवढ्या ओळखीच्या कथेत नवे काय, असे कुणी विचारील, तर नवे आहे ते ती सांगण्याच्या रीतीत.

पहिल्या भेटीचे प्रकरण घ्या. फ्लोरेन्सला काहीतरी बोलायचे आहे आणि चित्रकथेत पात्राच्या तोंडाजवळ असतो तसा तिचा संवादाचा फुगा तुकड्यातुकड्यांत आपल्या समोर पडलेला आहे. बोटाने ते तुकडे सरकवून जुळवले की तिचे वाक्य पूर्ण होते, मात्र ते वाक्य काय होते हे आपल्याला कधीच कळत नाही. सुरुवातीला तुकडे पुष्कळ असतात, म्हणून वेळ लागतो, आणि नवख्या माणसाशी बोलताना होणारी अडखळ आपल्या बोटांना जाणवते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, आणि अखेरीस फुगा जुळवावा असा उरतच नाही. मग भांडणाचा दिवस येतो, तेव्हा तेच तुकडे टोकदार कडांचे होतात, आणि आपणही ते घाईघाईने, बरोबर-चूक न पाहता भिडवू लागतो. मनात राग नसतानाही हात रागावलेल्या माणसासारखा चालतो, हा अनुभव मला आजवर कोणत्याही कादंबरीने दिलेला नाही. अक्का त्या वेळी पुढे सरकून बसल्या आणि त्यांनी भाचीच्या हातून मोबाईल घेतला.

दुसरे प्रकरण त्याहून शांत आहे. क्रिश फ्लोरेन्सच्या घरी राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंसाठी जागा करायची असते, आणि फळीवर सर्व काही मावत नसल्याने तिच्या कोणत्या वस्तू आत ठेवून द्यायच्या हे आपण ठरवतो. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या कोणत्याही बाईला या फळीविषयी काही समजावून सांगावे लागणार नाही. नंतर दोघे वेगळे होतात तेव्हा क्रिशच्या वस्तू खोक्यांत भरण्याचे कामही आपल्याच हातांना करावे लागते. आणि शेवटी, त्याला मनातून जाऊ देण्याच्या प्रसंगात, आपण पडद्याला हात लावायचा नसतो; कथा पुढे जाण्यासाठी हात आवरणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित असते. केव्हिन पेंकिन यांच्या संगीतात पियानो हा फ्लोरेन्सचा आवाज आहे आणि सेलो हा क्रिशचा, त्यामुळे शब्द नसूनही कोण जवळ आले आणि कोण दुरावले हे कानांना कळत राहते.

आता उणिवा. या खेळावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा, की खेळणाऱ्याने काहीही केले तरी शेवट बदलत नाही, आणि निवडीचे स्वातंत्र्य नसेल तर त्याला खेळ का म्हणावे. मला हा आक्षेप मान्य नाही. फळीवर कोणाची वस्तू राहील हे आपण ठरवतो आणि तरीही ते नाते वाचत नाही, यातच या कथेचे खरे दुःख आहे. योग्य उत्तर निवडले की प्रेम टिकते, असे गणित मांडणाऱ्या इतर कितीतरी प्रेमकथांपेक्षा ही कथा मला अधिक प्रामाणिक वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आधी अक्कांनी केली. खेळ संपला, पडद्यावर नावे येऊ लागली, आणि त्यांनी विचारले, “त्या पोराचं पुढं काय झालं?” आम्हा दोघींकडे उत्तर नव्हते, कारण खेळाकडेही ते नाही. क्रिश फ्लोरेन्सला रंगांची पेटी देतो आणि तिच्यातली चित्रकार पुन्हा जागी होते. तीही त्याला संगीतशाळेची वाट दाखवते. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी आहे, परंतु त्या देण्याचे फळ आपल्याला फक्त तिच्या आयुष्यात दिसते. भांडणातही तुकडे आपण फक्त तिचेच जुळवतो, आणि त्याला काय म्हणायचे होते, त्याचे तुकडे किती टोकदार होते, हे कधीच आपल्या बोटांना लागत नाही. कथा तिची आहे, म्हणून ती तिच्या बाजूने सांगितली, हे मला समजते. पण नाते तुटण्याचे कारण दोघांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि एकाच बाजूचे तुकडे हाती आल्याने ते कारण धूसर राहते. शब्दांच्या कथेत एखाद्या वाक्याने हे साधले असते. शब्द नाकारल्यावर त्याची भरपाई चित्रांनी करायला हवी होती, आणि तेथे लेखणी थोडी आखडती घेतली गेली आहे.

दुसरी उणीव शेवटाची. फ्लोरेन्स नोकरी सोडते आणि चित्रकार म्हणून तिची वाट फार थोड्या चित्रांत मोकळी होते. पहिल्या भेटीतील एका वाक्याला ज्या खेळाने इतके तुकडे दिले, त्याने कलेवर पोट भरण्याच्या कष्टांना इतके कमी तुकडे द्यावेत, हे मला खटकले.

तरीही मी हा खेळ पुन्हा खेळले, या वेळी एकटीने, कानांना हेडफोन लावून, आणि सगळे लक्ष सेलोकडे ठेवून. क्रिशच्या वस्तू खोक्यांत भरताना मला वाटले, की ती खोकी पुढे कोणत्या खोलीत, कोणत्या फळीवर उघडली गेली, एवढे एक चित्र जरी अखेरीस दाखवले असते, तरी अक्कांना उत्तर मिळाले असते.

नमस्कार.