कमरेतलं इंजेक्शन

(दृश्य: कोकणातलं एक रुग्णालय. ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक.)

सकाळचे साडेआठ. नऊला सिझर. चीर पोटाला जाणार आहे, पण हिला भीती पाठीची. भुलीसाठी कमरेत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर धरते, असं सासूबाई म्हणाल्या. रात्री शेजारच्या खाटेवरची बाईही तेच म्हणाली.

भूलतज्ज्ञ मॅडम बाकावर तिच्या शेजारी टेकतात. "काय काय ऐकलंयस? सगळं सांग."

"पाय कायमचे गेले तर?"

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खालच्या फटीत. तिथे नसा पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या सुट्या असतात. औषध जेमतेम दोन मिलिलिटर. बाळापर्यंत त्यातलं नगण्यच पोचतं.

(दृश्य: टेबलावर बसलेली ती, कवेत उशी.)

"कोळंबीसारखी वाक." तेवढ्यातही ती हसते. पाठीवर गार स्पिरिट, मग मुंगी चावावी तशी कळ. पाय गरम होतात, जड होतात.

मॅडम पोटावर ओला बोळा फिरवतात. "गार लागतंय?"

"नाही. नुसता हात लागतोय."

हे आधी सांगायलाच हवं. दुखणं जातं, स्पर्श उरतो. बाळ काढताना पोटात ओढल्यासारखं, दाबल्यासारखं होतं आणि बाईला वाटतं, भूल उतरली! रक्तदाब उतरला की मळमळतं. कधी अंगही थरथरतं. दोन्हींवर औषध तिथेच तयार असतं. आणि खरंच दुखलं, तर लाजायचं नाही, बोलायचं.

या इंजेक्शननंतर डोकं दुखतं, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर या डॉक्टरांनी प्रयोगासाठी सहाय्यकाकडून स्वतःच्या कमरेत सुई टोचून घेतली आणि पुढचे कित्येक दिवस डोकं धरून काढले. आताच्या सुया फार बारीक, त्यामुळे हा त्रास थोड्याच जणींना होतो. बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. अंगावर काढू नये, उपाय आहेत. उशी न घेता चोवीस तास पडून राहिल्याने मात्र तो टळत नाही. ती नुसती जुनी रीत.

कंबर? ती नॉर्मल बाळंतिणीचीही दुखते. नऊ महिने पोट तिनेच तोललेलं असतं, आणि पुढे वाकून पाजणं असतंच.

(दृश्य: वॉर्ड. दुपारचा एक. कुशीत बाळ.)

चादरीखाली अंगठा हलतो. "हलला!" ती ओरडते.

सासूबाई बघतात, हसतात, आणि हळूच तिच्या डोक्याखालची उशी काढून घेतात.