काठी वाकली पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरला की मामा तलावांच्या पाळीवर गरी टाकून बसलेली माणसं दिसू लागतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे शेतसारा गोळा करण्याची जुनी पद्धत, गेली; कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव राहिले. त्यातला गाळ काढायला आपल्याला सवड होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. असो. आज बोलायचंय ते कोणत्या माशाला कोणती काठी, यावर.

मी दहावीत होतो. भंडारा जिल्ह्यात मामाच्या गावी गेलो, तेव्हा हट्टानं मनगटाएवढा बांबू तोडून घेतला. मोठा मासा, तर मोठी काठी! शेजारी एक ढिवरबाबा, म्हणजे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले आजोबा, बसले होते. त्यांची काठी मानवेलीची, म्हणजे भरीव बांबूची, बुडाशी अंगठ्याएवढी, शेंड्याला उदबत्तीएवढी. तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, दोघांचा एकाच रिळाचा, त्यांनीच मला दिलेला. गरीला कणीक आणि ढेपीचा गोळा.

तंगुसाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा धांड्याचा तरंडा दोनदा हलला आणि तिरपा होऊन बुडाला. मी जीव खाऊन काठी उपसली. काठी तसूभर वाकली नाही. टण् झालं, तंगूस तुटला.

तासाभरानं बाबांच्या गरीला रोहू लागला. काठीची कमान झाली, शेंडा पाण्याला टेकला. बाबा ओढेनात! मासा जाईल तिकडे पाळीवरून चार पावलं जात, परत येत. मी ओरडलो, "बाबा, ओढा ना!"

"काठीले वाकू दे, पोरा. काठी वाकते तवर तंगूस तुटत नाही."

पंधरा-वीस मिनिटांनी रोहू दमून कुशीवर आला. ताणकाट्यावर तीन किलो भरला. मामीनं जवसाच्या तेलात रस्सा केला. रोहूला जवसाचंच तेल हवं, सोयाबीनच्या तेलात ती चव उतरत नाही.

तर पुन्हा सांगतो, काठी वाकली पाहिजे. माशाचा हिसका काठीनं सोसायचा, तंगुसावर येऊ द्यायचा नाही.

बोटभर मासळीला सहा-सात फुटांची बारीक काठी घ्या. तिनं टोचलेलं जाड काठीत हाताला कळतच नाही. रोहू, मृगळ असेल तर आठ-दहा फुटांची भरीव मानवेल, शेंडा लवचीक. आठ-दहा किलोच्या कतल्याला मात्र फायबरची दणकट काठी आणि रीळ हवं, कारण त्याला दोरा सोडावा लागतो. मरळीचं उलटं आहे. ती गवतात घुसते, तिला लगेच बाहेर खेचावं लागतं, म्हणून काठी आखूड आणि ताठ.

मानवेल तोडली की सावलीत वाळवा. ओली काठी एकदा वाकली की वाकडीच राहते. आणि तलाव मच्छीमारांच्या सोसायटीकडे असेल, तर आधी विचारून बसा. नमस्कार.